रात्रीच्या डब्यातली खाकी

रात्री साडेदहा-अकरानंतर दादरच्या फलाटावर बायका कुठे उभ्या राहतात, ते एकदा पाहावं. दिवसा प्रत्येकीची जागा ठरलेली असते. उतरल्यावर पूल कुठे येतो, रिक्षाची रांग कुठल्या बाजूला लागते, त्यावरून कोण पुढच्या लेडीज डब्यात चढणार आणि कोण मधल्या, हे वर्षानुवर्षं पक्कं असतं. रात्री हा हिशेब बाजूला पडतो. गाडी फलाटात शिरते तेव्हा सगळ्यांचे डोळे दारांवर असतात. कुठल्या दारात खाकी दिसते? जिथे दिसते तिकडे पावलं वळतात. मग उतरल्यावर अख्खा फलाट तुडवावा लागला तरी हरकत नसते. कुणी कुणाला सांगत नाही, पण दिवसा वेगवेगळ्या डब्यांत विखुरलेल्या बायका रात्री एका डब्यात गोळा होतात.

त्या डब्यात कोण कोण असतं? दुसरी पाळी संपवून निघालेल्या केईएमच्या नर्स, हॉटेलात भांडी घासणाऱ्या मावशी, लग्नाच्या हॉलवर पोळ्या लाटून परतणाऱ्या चौघीजणी, मॉलमध्ये दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या मुली, क्लास सुटायला उशीर झालेली एखादी सीएची विद्यार्थिनी. ठाण्यापर्यंत डबा बऱ्यापैकी भरलेला असतो. डोंबिवली आणि कल्याण गेलं की मोकळा होत जातो. अंबरनाथ, बदलापूर, आणि मग वांगणी, शेलू, नेरळ. स्टेशनांमधलं अंतर वाढतं, बाहेरचे दिवे विरळ होतात आणि डब्यात दोघी-तिघी उरतात. कधी एकटीच. एकटी बाई आणि दारातला तो खाकीतला माणूस.

नीट पाहिलं तर कळतं की हा माणूस पुष्कळदा पोलीस नसतो. कधी तो महाराष्ट्र सुरक्षा बलाचा जवान असतो, कधी लोहमार्ग पोलीस असतो आणि बऱ्याच रात्री होमगार्ड असतो. होमगार्ड म्हणजे कायद्याच्या भाषेत स्वयंसेवक. रोज सत्तर लाखांहून अधिक माणसं वाहून नेणाऱ्या रेल्वेत, मध्यरात्री एकट्या बाईची राखण एका स्वयंसेवकावर सोपवलेली आहे, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्याकडे थांबून कुणी बघतच नाही. मला ती बघावीशी वाटते.

असाच एक होमगार्ड माझ्या चांगला लक्षात आहे. शहापूरकडचा, तिशी-पस्तिशीचा. पावसाळ्यात घरची भातशेती, एरवी इमारतींना रंग देण्याची कामं. नखांच्या कडांना पांढरा रंग राहिलेला असायचा. चढणारी प्रत्येक बाई त्याला पहिला प्रश्न एकच विचारायची, “दादा, कर्जतपर्यंत आहात ना?” तो म्हणायचा, “हो ताई, शेवटपर्यंत.” एवढं ऐकलं की ती बाई पर्स मांडीवरून बाजूला ठेवायची, चपला काढून पाय समोरच्या सीटवर टाकायची. दर स्टेशनला तो मधला दांडा धरून एक पाय फलाटावर टेकवायचा, गाडीच्या दोन्ही टोकांना बघायचा, गाडी हलली की आत यायचा.

एकदा कुर्ल्याला एक दारुडा चढला. लेडीज आहे, उतर म्हटल्यावर शिव्या द्यायला लागला. गाडी तोवर सुटलेली. डब्यातल्या बायका आवाज चढवून उठल्या. होमगार्डने काठी उचलली नाही, कॉलर धरली नाही. तो त्या माणसाच्या आणि बायकांच्या मधे जाऊन उभा राहिला. विद्याविहार येईपर्यंत तसाच. त्या माणसाच्या शिव्या आता त्याच्या तोंडावर पडत होत्या आणि त्या तो ऐकून घेत होता. विद्याविहारला दोघे मिळूनच उतरले. फलाटावरच्या पोलिसाच्या हाती त्याला देऊन हा सुटत्या गाडीत परत चढला आणि “बसा ताई, बसा” एवढंच म्हणाला. सुरक्षा म्हणून जे काही असतं ते मी त्या मधे उभं राहण्यात पाहिलं. तिथे पराक्रम नव्हता, फक्त पुढचं स्टेशन येईपर्यंत दुसऱ्यावर येणारं स्वतःच्या अंगावर घेणं होतं.

या दलाचा जन्म मुंबईचाच आहे, हे मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड उभं राहिलं. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. शहरात हिंदू-मुसलमान दंगली पेटत होत्या, पोलीस अपुरे पडत होते, आणि वस्तीवस्तीतल्या सामान्य माणसांनी गणवेश घालून पोलिसांच्या मदतीला उभं राहावं, अशी ती कल्पना होती. स्वतःचा नोकरीधंदा सांभाळून बोलावलं की यायचं. ब्रीद ठरलं ‘निष्काम सेवा’. १९४७ साली त्यासाठी मुंबई होमगार्ड अधिनियम झाला. कामावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखेच अधिकार आणि तेच कायद्याचं संरक्षण मिळालं. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने सगळ्या राज्यांना अशा दलांना एकसारखं रूप द्यायला सांगितलं आणि मुंबईत सुरू झालेली ही गोष्ट देशभर गेली.

मला या जन्मकथेतला एक तपशील फार मोलाचा वाटतो. दंगलीच्या दिवसांत रस्त्यावर गणवेश नसलेल्या स्वयंसेवकांची वाण नव्हती. प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक आळीत ‘आपल्या’ लोकांचं रक्षण करायला निघालेले तरुण होते आणि त्यातूनच दंगल वाढत होती. होमगार्डमध्ये त्याच वस्त्यांतली माणसं आली, पण गणवेशात, नोंदवहीत नाव लिहून, वरिष्ठाच्या हुकमाखाली. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असा भेद न करता उभं राहण्याची शपथ घेऊन. स्वयंसेवकाच्या उत्साहाला जबाबदारीचा लगाम लावला गेला.

हा लगाम नसला की काय होतं, ते आगगाडीच्या डब्यांनी पाहिलेलं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीच्या आसपास एका बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला तरुणांच्या टोळक्याने मारहाण केली. त्याच्याजवळच्या बरणीतलं मांस कशाचं, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी तपासणी केली, उलटतपासणी घेतली, शिक्षाही दिली आणि या सगळ्याचं चित्रीकरण केलं. मारणाऱ्यांतले काही जण पोलीस भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले होते. ते वाचल्यापासून तो तपशील माझा पिच्छा सोडत नाही. त्या मुलांना वर्दी हवी होती. पण वर्दीबरोबर येणारा कायदा त्यांना नको होता. त्या डब्यात इतर प्रवासीही होतेच. दारुड्याच्या शिव्या स्वतःवर घेणारा तो रंगारी आणि हे टोळकं, दोघांनाही कुणी तरी म्हणेल की लोकांनी स्वतःहून कायद्याला मदत केली. माझ्या लेखी या दोघांमध्ये नातंच नाही.

या दोन टोकांच्या मधलंही एक उदाहरण आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली कर्टिस स्लिवा नावाच्या तरुणाने ‘गार्डियन एंजल्स’ सुरू केले. तो ब्राँक्समधल्या एका मॅकडोनाल्ड्समध्ये रात्रपाळीचा व्यवस्थापक होता. त्या काळी तिथली भुयारी रेल्वे लुटालूट आणि मारहाणीसाठी बदनाम झाली होती. लाल टोप्या घातलेली तेरा पोरं बिनहत्यारी डब्यांतून फिरायला लागली. लोकांना धीर आला, हे नाकारता येणार नाही. म्हाताऱ्या बायका त्यांना दुवा देत. महापौर एड कॉच यांनी आधी कडाडून विरोध केला. पण १९९२ साली स्लिवा यांनी स्वतःच कबूल केलं की सुरुवातीचे काही प्रसंग रचलेले होते; पोलिसांनी आपल्याला पळवून नेल्याची कहाणीसुद्धा खोटी होती. तोवर ती कहाणी वर्तमानपत्रांत छापून येऊन गेली होती. त्यांच्या साध्या सदस्यांबद्दल मला आदर आहे. गरीब वस्त्यांतली ती मुलं जीव धोक्यात घालून फिरत. पण या दलाला जाब विचारणारं वर कुणी नव्हतं. तो जाब कुणी विचारू शकत असता, तर खोट्या कहाण्यांची गरज पडली नसती आणि त्या टिकल्याही नसत्या.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. माझं रक्षण करायला जो पुढे येतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायची वेळ आली, तर ती कुणाकडे करायची? याचं उत्तर असेल तर मी त्याच्या डब्यात बसेन. वर्दी असली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. २०२३ च्या ३१ जुलैला जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका शिपायाने आपला वरिष्ठ आणि तीन प्रवासी गोळ्या घालून मारले. पण तिथे निदान बंदुकीची नोंद होती, नाव होतं, बडतर्फी झाली, खटला उभा राहिला. टोळक्याला नावच नसतं.

याच्या उलट टोकाची गोष्ट त्याहून जास्त सलते. २००२ च्या ऑगस्टमध्ये चर्चगेटहून बोरिवलीकडे जाणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये एका गतिमंद मुलीवर प्रवाशांच्या डोळ्यांदेखत बलात्कार झाला. डब्यात इतर पुरुष होते. त्यांच्यातल्या एका पत्रकारानेच पुढे ते जगासमोर आणलं. त्या वेळी शहरभर एकच प्रश्न विचारला गेला: हे गप्प कसे बसले? मी तेव्हापासून अनेकांना विचारलं आहे, तुम्ही असता तर? प्रामाणिक उत्तरं मिळाली. चाकू असेल तर? मी एकटाच उठलो आणि बाकीचे बसूनच राहिले तर? साखळी विनाकारण ओढली तर तो गुन्हा, हे डब्यात ठळक लिहिलेलं असतं. कारण पुरेसं आहे की नाही हे ऐन वेळी कोण ठरवणार? माणसं भित्री असतात, असं म्हणून मी हे सोडून देणार नाही. एकट्या माणसाची भीती खरी असते. पण कुणी एक उठला की दुसरा उठतो, हेही मी डब्यात पाहिलेलं आहे. गणवेशातल्या त्या एकाचा खरा उपयोग इथे होतो. तो एकटा गुन्हेगाराला पुरा पडेल असं नाही. पण पहिला उठणारा तो असतो आणि म्हणून बाकीचे उठू शकतात. त्या रंगाऱ्याच्या मागे बायका उभ्या राहिल्याच होत्या.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, तेव्हा रुळांकाठच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले. चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना बाहेर काढलं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. या शहरात मदतीला धावणाऱ्यांचा कधीच तुटवडा नव्हता. स्फोटानंतर धावणं आणि समोरच्या माणसाचा हात धरणं यांत मात्र फरक आहे. दुसऱ्या गोष्टीला शिकवण लागते आणि पाठीशी कायदा लागतो. मुंबईतच २०१३ च्या सुमारास काही तरुणांनी ‘वॉर अगेन्स्ट रेल्वे रावडीज’ नावाचा गट काढला. फलाटांवर बायकांना धक्के मारणाऱ्या, अंगचटीला जाणाऱ्या पुरुषांचं ते चष्म्यात बसवलेल्या छुप्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करत आणि ते पुरावे लोहमार्ग पोलिसांना देत; अटक पोलीस करत. ही रीत मला पटते. हात उचलायचा नाही, पुरावा द्यायचा.

पुरावा द्यायचा म्हटलं तरी कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. रेल्वेत दोन पोलीस. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, मुळात रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९५७ च्या कायद्याने उभं केलेलं, पुढे प्रवाशांची सुरक्षाही त्याच्या कामात आली. लोहमार्ग पोलीस राज्याचे. गुन्हा नोंदवायचा तो त्यांच्याकडे. सामान्य बाईला दोघांचीही खाकी सारखीच दिसते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला चालत्या गाडीत त्रास झाला. ती ज्या स्टेशनवर उतरली तिथे तिला सांगितलं गेलं की प्रकार आधीच्या हद्दीत घडला, तिकडे जा. रात्रीचे बारा वाजत आले होते. ती घरी गेली. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर आहे, कुठेही तक्रार नोंदवता येते आणि हद्दीचं कारण चालत नाही. ही तरतूद फलाटावरच्या प्रत्येक टेबलापर्यंत पोचली पाहिजे. घरी निघून गेलेल्या मुली आकडेवारीत येत नाहीत.

बायकांची आपली एक व्यवस्था या सगळ्याखाली कायम चालू असते. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, त्याच्याही कितीतरी आधीपासून. दिवसा “कुठे उतरणार?” हे सीट मिळवण्यासाठी विचारतात. रात्री हाच प्रश्न हजेरी घेण्यासारखा असतो: शेवटपर्यंत कोण कोण आहे, कोणाला न्यायला कोण येणार आहे. उतरताना मागे उरणाऱ्या बाईला सांगितलं जातं, “तू आता दाराजवळ बस, दादांच्या समोर.” अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप आहेत, रेल्वे सुरक्षा दलाने नेहमीच्या बायकांना जोडून घेत ‘स्मार्ट सहेली’सारखे उपक्रम केले आहेत. याही व्यवस्थेला तिचे दोष आहेत. नेहमीच्या ग्रुपची दादागिरी नवख्या मुलींनी सोसलेली असते आणि एखाद्या तृतीयपंथी प्रवाशाला याच बायका हुसकावून लावतात. रक्षण करणारे हात कुणाला बाहेर ठेवतात, हे बायकांच्या डब्यातही विचारायला हवं.

आता त्या होमगार्डकडे परत येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. स्वयंसेवक म्हणजे ज्याचं पोट दुसरीकडे भरतं आणि जो उरलेला वेळ देतो. १९४६ साली ते खरं असेल. आज गणपती, नवरात्र, निवडणुका, पंढरीची वारी आणि रात्रीच्या लोकल यांच्या बंदोबस्तावर जो उभा असतो, त्याच्या घरची चूल पुष्कळदा त्याच भत्त्यावर पेटते. काम रोजचं, धोका पोलिसाचा, कागदावर मात्र मानसेवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली होमगार्डांना कायम करण्याची मागणी मान्य केली नाही, पण महिन्याच्या तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान पगाराइतका भरेल असा दर द्या, असं राज्यांना सांगितलं. महाराष्ट्रात दिवसाचा भत्ता हजाराच्या वर गेला तो २०२४ साली. नऊ वर्षं. आणि भत्ता मिळतो तो बोलावलेल्या दिवसांचाच.

स्वयंसेवकावर रोजची व्यवस्था उभी केली की शेवटी काय होतं, ते दिल्लीने दाखवलं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये चालत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर सार्वजनिक बसमध्ये बायकांसाठी मार्शल नेमले गेले. २०१९ साली त्यांची संख्या वाढवून सुमारे तेरा हजार केली; त्यांत नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते. बायका म्हणत, मार्शल दिसला की बसमध्ये चढायला भीती वाटत नाही. मग नियमांकडे बोट दाखवलं गेलं: नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक आपत्तीसाठी असतात, बसच्या नोकरीसाठी नव्हेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दहा हजारांहून अधिक माणसं एका हुकमाने घरी गेली. नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल. पण बायकांना रोज रात्री लागणारी गोष्ट आपत्तीच्या नियमात कुणी आणि का बसवली? पगारी माणूस नेमावा लागू नये म्हणून. स्वयंसेवकाच्या नावाखाली सरकारं आपलं कर्तव्य स्वस्तात उरकतात. नागरिकांचा चांगुलपणा पोलिसांच्या जोडीला यावा, त्यांच्या जागी नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात प्राण दिलेल्या गणवेशधाऱ्यांच्या यादीत हेमंत करकरे, तुकाराम ओंबळे, रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे यांच्याबरोबर मुकेश जाधव हेही नाव आहे. ते होमगार्ड होते. गोळीला मानसेवी आणि पगारी कळत नाही.

शेवटची कर्जत लोकल पोचते तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेलेले असतात. डब्यातली शेवटची बाई घरी जाते, पण राखणाऱ्याला परतीसाठी पहाटेच्या गाडीपर्यंत थांबावं लागतं. त्याच्यासाठी टेकायला एक खोली, स्वच्छ संडास, हातात चांगली बॅटरी आणि बोललेलं पलीकडे ऐकू जाईल असा वॉकीटॉकी असावा. डब्यात प्रसंग आला तर काय करायचं याची शिकवण त्याला दरवर्षी मिळावी. ज्याला रोज बोलावता त्याला रोजचा पगार द्या आणि त्या डब्यांसाठी कायमची पदं भरा. बायकांच्या डब्यात बायका होमगार्डही हव्यात. आपल्याकडून एवढं व्हावं: लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे दोन नंबर आज मोबाइलमध्ये घालून ठेवा, कुणाला मारू नका, कुणाला मारू देऊ नका, आणि तो मधे उभा राहिला की त्याच्या मागे उभ्या राहा.